उदाचं पुडकं

वहिनींनी इस्त्री बाजूला ठेवली, टेबलावरची चादर उचलली आणि त्यांच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. चादरीखाली खाकी कागदात गुंडाळलेलं पुडकं जसंच्या तसं होतं. सुतळीची गाठसुद्धा त्यांनीच मारलेली, सुरगाठ, ओढली की सुटणारी.

"अहो, वन्सं पुडकं विसरल्या की हो!"

आतल्या खोलीतून भाऊंचा आवाज आला. भाऊ म्हणजे वहिनींचे यजमान. दिवा बदलायला स्टुलावर चढले आणि दिव्याच्या आधी स्वतःच खाली आले, तेव्हापासून त्यांचा एक पाय प्लास्टरमध्ये होता आणि जीभ मात्र मोकळी.

"विसरेल कशी? मला दाखवून गेली. छातीशी धरलं होतं तान्ह्या बाळासारखं. म्हणाली, बघ रे, तुझ्या बायकोने सांगितलेलं उदाचं पुडकं आठवणीने घेतलंय."

वहिनींनी मान वळवून देवाच्या कोनाड्याकडे पाहिलं. दिवा होता, काडेपेटी होती, फुलांची ताटली होती. आणि ताटलीशेजारी, जिथे कालपर्यंत उदाचं पुडकं होतं, तिथे धूळ नसलेला एक चौकोन होता.

"अरे देवा," वहिनी म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. हसू आणि रडू एकाच दारातून बाहेर पडायला बघत होतं.

वन्संची यात काही चूक नव्हती. ऊद म्हटल्यावर कुठल्याही देवभोळ्या बाईच्या नाकात वास दरवळणार तो निखाऱ्यावर टाकायच्या उदाचाच. पण या गावात ऊद आणखी एकाचं नाव आहे. डोंगरातल्या ओढ्यात राहणारा, मांजराच्या तोंडाचा, चपट्या शेपटीचा, पाण्यात सुळकन् दिसेनासा होणारा तो प्राणी. शिकलेले लोक त्याला पाणमांजर म्हणतात. गावाला एवढं लांबलचक नाव कुठून परवडणार? गाव म्हणतं ऊद.

आणि या उदांसाठी ज्याने आपलं अख्खं आयुष्य त्या ओढ्याकाठी काढलं, त्या माणसाला गाव म्हणू लागलं उदोबा. आधी चेष्टेने म्हणायचे. उंच, वाकलेला, दाढी वाढलेला, बुटांना कायम चिखल. सापळे लावणाऱ्यांशी भांडायचा, धरणवाल्यांशी भांडायचा, ओढ्यात साबण घेऊन उतरणाऱ्या बायकांना हात जोडायचा. मग कधी कोण जाणे, चेष्टा गळून पडली आणि नाव तेवढं राहिलं. तो गेल्यावर डोंगरावर, त्याच्या झोपडीशेजारी, लोकांनी त्याचं स्मारक केलं. तेव्हापासून "उदोबाला जाऊन आलो" असं गावातला जो तो म्हणतो. परगावाहून आलेल्या माणसाने ते ऐकलं की त्याला वाटणारच, वर काहीतरी जागृत स्थान असणार.

वन्सं तशाच परगावच्या. भावाचा पाय मोडला म्हणून महिनाभर राहायला आलेल्या. आल्या आल्या त्यांनी इथल्या प्रार्थना मंडळात आपली जागा पक्की केली, आणि मंडळाच्या बायका सुट्टीच्या दिवशी उदोबाला चढून जाणार हे कळल्यावर काठी पुसायला घेतली. वहिनींना तर ते देवानेच धाडल्यासारखं वाटलं. कारण पुडकं वर पोचवायचं होतं आणि पोचवणारं दुसरं कुणी नव्हतं.

पुडक्यात काय होतं ते सांगायचं तर वहिनींबद्दल सांगावं लागेल.

वहिनी शिवणकाम करतात. जिन्याखालच्या खोलीत मशीन, मशीनवर खिडकी, खिडकीत टाचण्यांची उशी. पडदे, अभ्रे, गाद्यांच्या खोळी, शाळेची दप्तरं. माणसाचे कपडे शिवत नाहीत. "माणूस आरशात बघतो आणि शिंपिणीला दोष देतो," असं त्यांचं म्हणणं. "खोळीला आरसा नसतो."

लग्न होऊन आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना डोंगरावरून एक काम आलं. दूधवाल्याने निरोप आणला, की वरच्या साहेबांना ऊद ठेवायला पिशव्या हव्यात, मऊ कापडाच्या, आतून उबदार, तोंडाला नाडी. वहिनी तेव्हा गावात नव्या. त्यांना वाटलं, वर कुणी साधुपुरुष असेल. किती जपतो बाई उदाला! त्यांनी जीव ओतून पिशव्या शिवल्या. तळहाताएवढ्या. आतून फ्लॅनेल, बाहेरून जांभळी साटीन, काठाला बारीक झालर. नाडीच्या टोकाला एकेक मणीसुद्धा लावला.

दुसऱ्या दिवशी साधुपुरुष स्वतः दारात उभा. चिखलाचे बूट बाहेर काढून ठेवलेले, हातात एक जांभळी पिशवी.

"वहिनी, पिशवी फार सुंदर आहे. पण यात उदाचा एक पायसुद्धा मावणार नाही."

"उदाला पाय कुठले?" वहिनींनी विचारलं.

मग त्याने अंगातल्या जाड कोटाच्या आत हात घातला आणि एक पिल्लू बाहेर काढलं. डोळे मिटलेलं, राखाडी, केसाळ, ओलं नाक. वहिनींनी किंकाळी फोडली, मशीनवरून कात्री पडली, आणि तो माणूस इतका हसला, इतका हसला, की जिन्यावरचे शेजारी खाली आले. वहिनी आधी रागावल्या. मग त्यांनाही हसू फुटलं. त्या जांभळ्या पिशव्या त्याने परत केल्याच नाहीत. त्यात तो उदांना बोलवायच्या शिट्ट्या ठेवायचा म्हणे.

त्या दिवशी मशीनपाशी बसून दोघांनी उदाची पिशवी कशी असावी ते ठरवलं. आईवेगळं पिल्लू खोक्यात घाबरतं. त्याला अंधार हवा, घट्ट वेढा हवा आणि शेजारी धडधडणारं काळीज हवं. म्हणजे पिशवी माणसाच्या छातीवर यायला हवी. पट्टा एका खांद्यावरून तिरका, कुशीत खोल कप्पा, नाकापुरती चीर. वहिनींनी एकच गोष्ट आपल्या मनाने घातली. टिपा सगळ्या बाहेरून. आतून शिवण आली तर इवल्या नखांत धागा अडकतो आणि पिल्लू बिचकतं, हे त्यांना माहेरच्या बाळाच्या झबल्यावरून माहीत होतं.

तेव्हापासून दर हंगामाला पिशव्या वर जात राहिल्या. उदोबा गेला, त्याच्या जागी जनावरांची एक तरुण डॉक्टरीण आली, पिशव्या जातच राहिल्या. वहिनी मात्र कधी गेल्या नाहीत. "या की एकदा वर," म्हणून तोही म्हणायचा, तीही म्हणते. वहिनी म्हणायच्या, "मशीन कोण चालवणार?" खरं कारण वेगळं होतं. त्यांना चढ झेपत नाही अशी त्यांची समजूत होती. आपल्याच घरचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून त्या "किती ऊन आहे आज" म्हणायच्या, पावसाळ्यातसुद्धा.

आणि काल दुपारी डॉक्टरिणीचा फोन आला होता.

"काकू, पिल्लू आलंय एक. आई जाळ्यात अडकून गेली. फार लहान आहे हो. दूध घेत नाही. आणि सगळ्या पिशव्या मागच्या पुरात वाहून गेल्यात, होती ती एक फाटलीये."

"किती वेळ काढेल?"

"उद्या दुपारपर्यंत तोंड लावलं नाही तर अवघड आहे, काकू. मला सोडून जाता येत नाही. तुम्ही पाठवाल ना?"

वहिनींनी हातातले पडदे गुंडाळून ठेवले आणि मशीनवर बसल्या. संध्याकाळच्या दिवाबत्तीच्या आत पिशवी तयार होती. इस्त्री, घडी, खाकी कागद, सुरगाठ. आणि सकाळी, आंघोळीला जाता जाता, त्यांनी वन्संना हाक मारून सांगितलं, "वन्सं, उदोबाला निघालाच आहात तर उदाचं पुडकं तेवढं घ्या हं. वर डॉक्टरीण असेल, तिच्या हातात द्या." टेबलावर आहे हे सांगायचं राहिलं. कुणी त्याच्यावर चादर टाकली, देव जाणे. बहुतेक त्यांनीच.

वन्संना फोन लावावा तर प्रार्थनेला निघाल्या की त्या फोन घरीच ठेवतात. तो कोनाड्यातच वाजला. डॉक्टरिणीला लावला तर वर रेंज नाही, ती काल दरीच्या टोकावर जाऊन बोलली होती.

वहिनी उठल्या.

"कुठे?" भाऊ म्हणाले.

"वर."

"वर कुठे?"

"डोंगरावर. आणखी कुठे, स्वर्गात?"

भाऊ उशीवरून अर्धे उठले. "तू? अगं, जिना चढताना तुला ऊन लागतं!"

"आज सावली आहे," वहिनी म्हणाल्या. "तुमचे बूट द्या. तुम्हाला तसाही एकच लागतो, आणि तोही घालता येत नाही."

भाऊंच्या बुटात पुढे कापडाच्या चिंध्या कोंबल्या, नाड्या पोटऱ्यांपर्यंत गुंडाळल्या, पुडकं आणि पाण्याची बाटली घेतली. दारातून त्या परत फिरल्या, देवासमोर हात जोडले. एरवी त्यांची प्रार्थना लांब असते, नात्यागोत्यातल्या एकेकाचं नाव घेऊन. आज म्हणाल्या, "पाय तेवढे सांभाळ," आणि सुटल्या.

पायथ्याशी बसमधून उतरल्या तेव्हा त्यांना शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं. घरात वाटलेली काळजी इथे आल्यावर भलत्याच उत्साहात बदलली. समोर डोंगर. वाटेवरच्या दगडांवर पांढऱ्या रंगाने उदाची पावलं काढलेली, वाट चुकू नये म्हणून. "बरं झालं बाई, पावलावर पाऊल टाकायचं," असं स्वतःशी म्हणून त्या निघाल्या.

पहिला टप्पा त्यांनी असा काढला की जणू मागे कुणी लागलंय. मग छाती भात्यासारखी झाली, पाय जड झाले आणि त्या एका दगडावर टेकल्या. "किती ऊन आहे आज," त्या सवयीने म्हणाल्या. शेजारच्या दगडावर बसलेले एक आजोबा आभाळाकडे बघून म्हणाले, "ढग आहेत की."

"असू द्या. मला लागतं."

आजोबा खोखो हसले. दर वर्षी येणारे होते, सांगत होते, उदोबाला जिवंतपणी पाहिलेले. "उशिरा निघालात. बायकांचा एक जथा मघाशी गेला पुढे. काय गात होत्या! ओढ्यातले बेडूक गप्प बसले."

"त्यात एक काठीवाल्या होत्या का? पुढे पुढे करणाऱ्या?"

"पुढे? त्या तर सगळ्यांना ओढत होत्या."

"आमच्या वन्सं," वहिनी म्हणाल्या, आणि उगाच अभिमान वाटला.

"दमाने घ्या," आजोबा म्हणाले. "नाकाने श्वास घ्यायचा, तोंडाने सोडायचा. आणि पायरी मोजायची नाही. मोजणारा वर पोचत नाही, आकड्यातच अडकतो."

वहिनींना मशीनची आठवण झाली. लांब पडद्याची टीप घालताना त्या तरी कुठे पुढे बघतात? सुईखालचं कापड तेवढं बघायचं, पडदा आपोआप सरकतो. त्यांनी पायाखालचं पाऊल बघितलं. मग पुढचं. पायडल मारल्यासारखे पाय एका लयीत पडू लागले आणि काय नवल, श्वासही त्या लयीत येऊ लागला. बाजूने ओढा उतरत होता, कधी दिसायचा, कधी नुसता बोलायचा. वाऱ्याला पाण्याचा वास होता. वहिनींना वाटलं, आपण इतकी वर्षं खिडकीतून हा डोंगर पडद्यासारखा बघत होतो, मागे काय आहे कधी उचलून बघितलंच नाही.

आणि मग शिडी आली.

सरळ उभा कातळ, त्याला ठोकलेली लोखंडी शिडी. खाली ओढ्याचा डोह, काळाशार. वहिनींच्या एका हातात पुडकं, दुसऱ्यात बाटली. शिडीला तर दोन्ही हात हवेत. बाटली त्यांनी तिथेच दगडावर ठेवली. पुडकं दातात धरावं का, असा विचार आला आणि स्वतःचंच ध्यान डोळ्यांपुढे येऊन त्या हसल्या. मग सुरगाठ ओढली. कागद सुटला. पिशवी बाहेर काढून त्यांनी गळ्यात घातली.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. इतक्या पिशव्या त्यांच्या हातांखालून गेल्या, पण त्यांनी एकही अंगावर घातली नव्हती. फ्लॅनेल छातीला लागलं, मऊ, उबदार. पट्टा मात्र मानेला काचत होता. "अगं बाई, हे असं टोचत होतं सगळ्यांना? आणि कुणी बोललं नाही?" त्यांनी पट्टा खांद्याच्या कडेला सरकवला, कप्पा डाव्या बाजूला ओढला, काळजावर. बरोबर बसला.

खालून दोन कॉलेजातल्या मुली आल्या. एक म्हणाली, "काकू, आधी तुम्ही. आम्ही मागून आहोत."

"मागून असलात तर माझ्या खाली याल ना पोरींनो. मी पडले तर तुमचा पापड होईल."

"म्हणून तर म्हणतोय, पडू नका!"

वहिनींनी देवाचं नाव घेतलं आणि पहिल्या दांड्यावर भाऊंचा बूट ठेवला. चिंध्या कोंबलेला बूट आत हलला. दुसरा दांडा. खाली बघायचं नाही, सुईखालचं बघायचं. गंजाचा वास, हाताला लोखंडाचा गारवा. मध्यावर पाय थरथरायला लागले, मशीनचा पट्टा सैल झाल्यावर चाक थरथरतं तसे. घाम कपाळावरून डोळ्यात उतरला, पुसायला हात नव्हता. "देवा, तिथे एक लेकरू भुकेलं आहे," त्या मोठ्यानेच म्हणाल्या, "माझं नंतर बघ, त्याचं आधी बघ." आणि पुढचा दांडा धरला. आणि त्याच्या पुढचा. मग हाताला गवत लागलं.

वर गुडघ्यांवर सरकत गेल्या, उभ्या राहिल्या आणि मागे वळून बघितलं. खाली गाव, गावात त्यांचं घर. कुठलं ते ओळखू येईना. वहिनी एकदम ओरडल्या, "आले! मी आले!" कातळाने त्यांचं बोलणं परत दिलं. मागच्या पोरी टाळ्या वाजवत वर आल्या. वहिनींना इतकं हलकं वाटत होतं की त्या उरलेली वाट जवळजवळ पळतच गेल्या.

स्मारक म्हणजे फार मोठं काही नव्हतंच. झाडांत एक डोह, डोहाकाठी दगडी बाक, तोच जिथे उदोबा बसायचा. पुतळा नाही, घुमट नाही. बाकाच्या पाठीवर कोरलेलं: "हळू बोला. ते ऐकतायत." शेजारी झोपडी, तिच्यात आता डॉक्टरिणीचं केंद्र.

आणि बाकापुढे वन्सं, अजिबात हळू न बोलणाऱ्या.

"म्हणजे काय? देवाच्या दारात ऊद लावायचा नाही?" वन्संच्या हातात उदाचं पुडकं होतं, आणि दुसऱ्या हातात कुठून तरी मिळवलेला निखाऱ्यांचा डबा. मागे मंडळाच्या बायका अर्धवर्तुळात गंमत बघत उभ्या.

"आजी, हे देवाचं दार नाही, उदांचं घर आहे," डॉक्टरीण म्हणत होती. तिचे डोळे जागरणाने लाल. "धुराने ते पळतात. काकूंनी माझ्यासाठी काहीतरी दिलंय ना? ते द्या."

"हेच दिलंय! उदोबाला ऊद. तुझ्या हातात द्यायला सांगितलंय, पण तू तर लावू देत नाहीस."

"आजी, हा ऊद नाही, मला उदाची पिशवी हवी."

"उदाला पिशवी कशाला? पुडकं आहे की!"

डॉक्टरिणीने डोक्याला हात लावला. तेवढ्यात अर्धवर्तुळ फुटलं आणि भलेमोठे बूट, विस्कटलेले केस आणि गळ्यात पिशवी असं एक ध्यान धापा टाकत आत आलं.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "ऊद... प्राणी आहे. ओढ्यातला."

वन्संनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बाकाकडे, मग डोहाकडे, मग हातातल्या डब्याकडे.

"प्राणी?" त्या म्हणाल्या. "मग मघापासून आम्ही नमस्कार कुणाला केला?"

मंडळाच्या बायकांतली एक फिस्कन् हसली, आणि मग सगळ्याच. "हळू, हळू," डॉक्टरीण बाकावरच्या अक्षरांकडे बोट दाखवून म्हणाली, पण तीही हसत होती. वन्संनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं. "हसा," त्या म्हणाल्या. "मुक्या जिवांसाठी जन्म घालवणाऱ्याला केलेला नमस्कार देवाला पोचला नसेल असं मला कुणी सांगू नये." आणि हे बोलणं इतकं खरं होतं की हसणं आपोआप थांबलं.

डॉक्टरिणीने तोवर झोपडीतून खोकं आणलं होतं. आत टॉवेलात गरम पाण्याची बाटली आणि तिला चिकटून मूठभर राखाडी जीव. ते रडत होतं, पण आवाज दारामागे कुणी शिट्टी वाजवावी तसा, बारीक आणि तुटका. वहिनी पिशवी गळ्यातून काढायला लागल्या.

"थांबा," डॉक्टरीण म्हणाली. तिने पिशवीत हात घालून बघितला, मग वहिनींच्या मानेला लावून बघितला. "काकू, तुम्ही भट्टीसारख्या तापल्या आहात. पिशवी आत गरम आहे. मी सकाळपासून बाटल्या बदलतेय, माझे हात गार पडलेत. काढू नका. तुमच्याच गळ्यात राहू द्या."

"मला कुठे येतं ते?"

"तुम्हाला काही करायचं नाहीये. फक्त गरम राहा."

आणि तिने पिल्लू उचलून कप्प्यात सोडलं, पोटावर, नाक चिरेकडे. फ्लॅनेलमधून त्याची सगळी हाडं कळत होती. नखांनी कापड चाचपलं, कुठे अडकली नाहीत. ते एकदा कुशीवर वळलं, मग गोल झालं. रडणं थांबलं. वहिनींचं काळीज चढाने अजून धडाधडा वाजत होतं, आणि पिल्लाने त्यावर डोकं ठेवलं.

डॉक्टरिणीने दुधाची छोटी बाटली चिरेतून आत सरकवली. सगळ्या बायका थांबून होत्या. वन्संचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

पिल्लाने तोंड फिरवलं.

डॉक्टरिणीने पुन्हा लावली. पुन्हा फिरवलं. "काल दिवसभर असंच," ती कुजबुजली.

वहिनी बाकावर बसल्या होत्या, ताठ, हलल्या तर काय होईल म्हणून. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, मघापर्यंत पिल्लू शांत होतं ते त्या उभ्या राहून धापा टाकत होत्या तेव्हा. बसल्यावर छाती हळू झाली. "मी उठू का?" त्यांनी विचारलं. "हे हलायला मागतंय. मूल हलल्याशिवाय पीत नाही कधीकधी, माझ्या धाकट्याचं असंच होतं."

"उठा. काहीही करून बघू."

वहिनी उठल्या आणि बाकापुढून डोहाच्या काठाकाठाने चालू लागल्या, एका बाजूला जरा झुकत, पायडल मारल्यासारख्या. डॉक्टरीण बाटली धरून शेजारून, आडवी आडवी चालत. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला फ्लॅनेलमध्ये काहीतरी हललं. आणि मग वहिनींच्या छातीवर, कापडातून, एक छोटीशी, हट्टी ओढ जाणवली. परत. परत.

"पितंय," डॉक्टरीण म्हणाली. मग जवळजवळ ओरडलीच. "काकू, पितंय ते!"

"हळू बोल," वन्सं म्हणाल्या. "ते ऐकतायत."

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर इतकं मोठं हसू होतं की दोन्ही एकत्र बघायला बायका पुढे सरकल्या. वन्संनी सगळ्यांना हातानेच मागे सारलं, "वाट द्या, वाट द्या, चालू द्या तिला," आणि स्वतः काठी टेकत मागून चालू लागल्या, वहिनींच्या खांद्यावरचा पट्टा दोन बोटांनी उचलून धरत, मानेला काचू नये म्हणून.

डोहात मध्येच काहीतरी बुडुक झालं. सगळ्यांनी वळून पाहिलं. नुसती वर्तुळं होती.

"दमलीस का गं?" दोन फेऱ्यांनी वन्संनी कानाशी विचारलं.

"नाही."

"शेवटची बस चुकेल. भावाच्या पोटाचं काय?"

"त्यांना सांगा, डबा फळीवर आहे," वहिनी चालता चालता पिशवीवर हात ठेवून म्हणाल्या. "यांचं पोट भरल्याशिवाय मी काही येत नाही."